हसतानाचा असेल तर बरा

समोरची बाई बोलता बोलता थांबली, तिने पाण्याचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "मग त्या फोनवरच्या बाई म्हणाल्या, फोटो हसतानाचा असेल तर बरा." मारिट हाउगनचं पेन कागदावर जिथं होतं तिथंच राहिलं. ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं. नुसतं ओळखीचं नव्हे, तिचंच होतं. डलूथच्या वर्तमानपत्रात लागल्यापासून तिने ते कितीतरी दारांत उभं राहून म्हटलं होतं. तळ्यात बुडालेल्या मुलांच्या आयांना, ट्रकखाली सापडलेल्यांच्या भावांना, एकदा तर एका आंधळ्या म्हाताऱ्याला, ज्याला कुठल्या फोटोत कोण हसतंय हे सांगता येईना. पुढे नव्याने लागलेल्या पोरापोरींना तिने ते शिकवलंही होतं. असं म्हटलं की माणसं फोटो शोधायला उठतात, आणि उठली की बोलतात. आता तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, भर खोलीत, आपल्याकडे चालत येत होतं. तिने मान वर केली नाही. पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका पसरत होता आणि ती त्याच्याकडे असं बघत राहिली, जणू तो केवढा होतो यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

खोलीत बारा खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. मिनिआपोलिसमधल्या एका विद्यापीठाने संकटांच्या आणि मृत्यूंच्या बातम्या करणाऱ्यांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण भरवलं होतं, आणि देशभरातून बारा जण निवडले होते. वादळवाले, वणवेवाले, शाळांतल्या गोळीबारांच्या मागे मागे फिरलेले. अर्जात एक प्रश्न होता, तुमच्या मनावर परिणाम करून गेलेल्या एखाद्या घटनेबद्दल लिहा. मारिटने पुराबद्दल लिहिलं होतं, छपरावर चढून बसलेल्या गायींबद्दल. लिहिलेलं तिचं तिलाच आवडलं होतं. निवडीचं पत्र आलं तेव्हा संपादक म्हणाले, जा, बावीस वर्षांत तू एक दिवस धड सुट्टी घेतली नाहीस. शिकवणारी होती लुसिंडा प्रुइट. साठीची, लुइझियानात आयुष्यभर बातमीदारी केलेली, आवाज घशाच्या तळातून येणारा. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, "इथे कुणी शूर नाही. शूर माणसांचे अर्ज मी बाजूला ठेवले." सगळे हसले होते, मारिटही. मग दिवसभर झोपेबद्दल बोलणं झालं, दचकण्याबद्दल, घरच्यांवर विनाकारण खेकसण्याबद्दल, आणि मारिटने हे सगळं इतरांसाठी असावं तसं नीट उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ज्यांच्यावर कधीकाळी बातमी झाली होती अशी तिघं बोलायला येणार होती. त्यातली ही दुसरी. डॅनिका झुपान, वय पस्तीस, लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स. नाव ऐकून मारिटच्या मनात काही हललं नव्हतं. उत्तरेकडच्या खाणींच्या पट्ट्यात झुपान आडनावाची घरं बरीच. गिरणीचा उल्लेख आला तेव्हाही ती खाली बघून लिहीतच राहिली होती.

डॅनिका आवाज न चढवता, नर्स एखाद्या आईला औषधाच्या वेळा सांगते तसं सांगत होती. टॅमरॅक फॉल्स नावाचं गाव, तिथली कागदगिरणी. ती तेरा वर्षांची असताना फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी गिरणीत बॉयलर फुटला. तिचे वडील रुडी त्या पाळीवर होते. घसा धरल्यामुळे ती शाळेत गेली नव्हती. आई शाळेच्या मुदपाकखान्यात कामाला होती, तिथूनच तिने फोन केला की मी गिरणीच्या गेटवर जातेय, बाबांचा फोन आला तर घे, फोनपासून हलू नकोस. डॅनिकाने शेगडीवर पाणी तापत ठेवलं होतं आणि ती फोनशेजारी बसून राहिली होती. सव्वादोनला फोन वाजला. तिला वाटलं, बाबा. पण बोलणारी बाई वर्तमानपत्राची होती. ती म्हणाली, रुडी झुपान यांच्याबद्दल ऐकून फार वाईट वाटलं, उद्याच्या पानासाठी एक फोटो हवा होता. "मला ते अशा तऱ्हेने कळलं," डॅनिका म्हणाली. "आईला साडेचारला गेटवर कळवलं. म्हणजे सव्वादोन तास ते जगात मला आणि वर्तमानपत्राला ठाऊक होतं. सहाला आई घरी आली, मला खाली बसवलं, माझे हात हातात घेतले आणि सांगितलं. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी रडले. म्हणजे खरंच रडले. पण पहिल्यांदा ऐकल्यासारखी."

गोलातल्या एकाने, एल पासोहून आलेल्या रामोनने, शिकवल्याप्रमाणे आधी विचारलं की प्रश्न विचारला तर चालेल का, आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, तुम्ही आईकडे गेटवर का गेला नाहीत? "गेट आमच्या घरापासून सहा मिनिटांवर होतं," ती म्हणाली. "मी बूट घातले होते, एवढं आठवतं. मग का नाही गेले ते आठवत नाही. आईनेही कधी विचारलं नाही." लुसिंडा म्हणाली, अशा वेळी आठवणीतून काही तुकडे निसटून जातात, त्यात तुमचा दोष नसतो. डॅनिकाने मान हलवली. हे तिला पुष्कळांनी सांगितलेलं दिसत होतं.

मारिटला तो तुकडा ठाऊक होता. तो तिच्याकडे होता, बावीस वर्षं, अगदी जसाच्या तसा. त्या मंगळवारी बातमीदारांच्या खोलीत खिडक्यांवर आतून बर्फ धरलं होतं आणि हॅल, तेव्हाचा मुख्य बातमीदार, तिच्या टेबलाच्या कडेवर बसला होता. अग्निशमन दलातल्या कुणीतरी त्याला चार नावं फोडली होती. दोन तिच्या वाट्याला आली. नोकरीला लागून तिला पाच महिने झाले होते. हॅल वाईट माणूस नव्हता, आजारी पडलं की तो घरी सूप पोचवायचा, पण घरच्यांना कळवलंय का हे त्याने विचारलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. पहिल्या घरी फोन लावला तर मागे आधीच आक्रोश चालला होता. म्हणजे सगळ्यांना कळलंय, असं तिने धरलं. दुसरा नंबर झुपान. एका बाईने उचलला, आवाज रडून बसलेला. मारिटने पाठ केल्यासारखं सगळं म्हटलं. पलीकडे कुणी बोलेना. शेगडीवरची किटली शिट्टी घालू लागली होती आणि ती कुणी उतरवत नव्हतं, ती वाजतच राहिली, चढत गेली, आणि त्या शिट्टीतून तो बसलेला आवाज म्हणाला, हो, आहे फोटो. मारिटने विचारलं, कसे होते हो ते? उत्तर आलं, "त्यांनी घरात कधी आवाज चढवला नाही." किती छान वाक्य, असं तिच्या मनात आलं होतं, हे तिला आजही आठवत होतं. आणि ठेवता ठेवता ती म्हणाली होती, "आमचा माणूस फोटो न्यायला येतोय, तासाभरात पोचेल. तोवर घरीच थांबाल ना? कृपा करून कुठं जाऊ नका." आवाज म्हणाला होता, हो.

त्या शिट्टीबद्दल तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःला तिने एवढंच सांगितलं होतं की ती बाई धक्क्यात होती. पण त्यानंतर, मुद्दाम ठरवून नव्हे, तिने असे फोन करणं सोडलं. ती गाडी काढायची, चाळीस मैल, साठ मैल, बर्फातून, पावसातून, आणि दारात जाऊन उभी राहायची. दार उघडणाऱ्याचा चेहरा आधी बघायची, कळलंय की नाही ते त्या चेहऱ्यावर वाचायची आणि मगच बोलायची. कचेरीत सगळे म्हणायचे, मारिट फोनवर काम उरकत नाही, माणसाला भेटते. तिला एकदा त्यासाठी ढालही मिळाली होती. ती घेताना आपण या गोष्टीमागचं कारण जाणतो आहोत असं तिला वाटलं नव्हतं, आणि जाणत नाही असंही वाटलं नव्हतं. आता खोलीत खुर्च्या सरकत होत्या, जेवणाची वेळ झाली होती, आणि तिच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा फिरत होती. ती बाई नव्हती. तेरा वर्षांची पोर होती. ती किटली एका पोरीने उतरवली नव्हती.

जेवणाला पुठ्ठ्याच्या डब्यांतून टर्कीचे सँडविच होते. रामोन म्हणाला, दुःखाच्या प्रत्येक शिबिरात टर्कीच का असते, हे पक्षी बातमी करणाऱ्यांतले की बातमी झालेल्यांतले, आणि दोघं-तिघं गरजेपेक्षा जास्त हसले. मारिटने डबा उघडला आणि मिटला. स्वच्छतागृहात जाऊन तिने हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले. गाडी खालीच उभी होती. अडीच तासांत ती घरी पोचली असती आणि लुसिंडाला कळवलं असतं की पोट बिघडलं. बाहेर आली तर फळ्यावर दुपारच्या जोड्या लिहिलेल्या होत्या. प्रत्येकाने एका पाहुण्याशी वीस मिनिटं एकट्याने बोलायचं होतं. तिच्या नावापुढे झुपान होतं. रामोन तिच्या शेजारी उभा राहून सफरचंद खात होता. त्याच्या वाट्याला पुरातून वाचलेला एक शेतकरी आला होता. त्याने विचारलं, बदलायचं का, तुला पूर बरा पडेल, गायी-बियी असतील. त्याला काही कळलं होतं म्हणून नव्हे, त्याने सहज विचारलं होतं. मारिट नाही म्हणाली. आपण नाही का म्हणालो याचा तिने नंतर पुष्कळ विचार केला. धैर्य वगैरे काही नव्हतं. हो म्हटलं असतं तर पुढच्या खोलीत रामोन त्या पोरीला तोच प्रश्न पुन्हा विचारील, आणि ती पुन्हा आठवत नाही म्हणेल, एवढंच तिला दिसलं आणि ते तिला सोसवेना.

खोली लहान होती. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा जग, कागदी रुमालांचा खोका. दाराजवळची खुर्ची पाहुण्याला द्यायची, म्हणजे उठून जाता येतं, असं सकाळी शिकवलं होतं. मारिटने ती पुढे केली. नको वाटलं तर कुठेही थांबू, असं म्हणाली. नोंदी घेतल्या तर चालतील का, असं विचारलं. डॅनिका ओठांत हसली. "तुम्ही छान शिकलाय," ती म्हणाली. मारिटने वही उघडली नाही. तिच्या लक्षात आलं की या बाईचा चेहरा ती आज पहिल्यांदा नीट बघतेय. रुंद, वाऱ्याने लालसर, डोळ्यांखाली पाळ्यांचा थकवा. एरवी ती दारात उभी राहून चेहरा वाचायची, याला कळलंय की नाही. या चेहऱ्याला कळलं नव्हतं.

"तो फोन मी केला होता," मारिट म्हणाली.

डॅनिकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. का ते मारिटला कळलं नाही. किती वेळ उरलाय हे बघत असावी, किंवा नुसतंच कुठेतरी बघायचं म्हणून. मग तिने विचारलं, "तेव्हा तुमचं वय काय होतं?"

"चोवीस."

"म्हणजे पोरच." हे तिने मायेने म्हटलं नव्हतं, तक्त्यावर नोंद करावी तसं म्हटलं होतं. "तुम्हाला कळलं नाही, मी लहान आहे ते?"

"नाही. आवाज बसलेला होता. मला वाटलं, तुम्ही रडताय."

"मी रडत नव्हते. मला टॉन्सिल झाले होते."

मारिटची अपेक्षा होती की ती ओरडेल किंवा उठून जाईल, दाराजवळची खुर्ची त्यासाठीच होती. पण डॅनिका बोलू लागली, आणि जे बोलली ते तिने सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं नव्हतं. बातमीत छापून आलं होतं की झुपान यांच्या पत्नी मंगळवारी दुपारी फोनवर बोलताना म्हणाल्या, त्यांनी घरात कधी आवाज चढवला नाही. तिच्या आजी-आजोबांनी, रुडीच्या आईवडिलांनी, ते बुधवारी सकाळी वाचलं. त्यांना सुनेचा फोन आला होता मंगळवारी रात्री आठला. म्हणजे दुपारी पेपरवाल्यांशी बोलायला हिला सवड होती आणि आम्हाला कळवायला नव्हती, असं त्यांनी धरलं. दफनाच्या दिवशी ती दोघं वेगळ्या बाकावर बसली. नंतर येणं-जाणं तुटलं. आजी गेली तेव्हा यांना आठवड्याने कळलं. "आईने त्यांना कधी सांगितलं नाही, की फोनवर ती बोललीच नव्हती. मला वाटतं, तिला वाटलं असेल की त्या दुपारचं आपल्यालाच काही आठवत नाही. आणि मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आजी-आजोबा माझ्यामुळे तुटले असं झालं असतं. मग इतकी वर्षं झाली, की नंतर सांगणं म्हणजे दुसरंच काहीतरी करणं." ती खोक्यातल्या रुमालाचं टोक बोटांत धरून होती, पण तिने तो ओढून काढला नाही. मारिटच्या तोंडात उरलेलं वाक्य तयार होतं. तुम्ही गेटवर का गेला नाहीत ते मला माहीत आहे. ते म्हणायला फक्त तोंड उघडायचं होतं. तेवढ्यात लुसिंडाने दारावर बोटाने टकटक केली, वेळ संपली होती, आणि मारिटला जी सुटल्यासारखी भावना झाली ती तिला स्वतःलाही लपवता आली नाही. डॅनिकाने तिचं कार्ड मागून घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि पर्समध्ये टाकलं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली. लुसिंडाने मारिटचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला आणि विचारलं, तुझं काही राहिलंय का? मारिट म्हणाली, नाही, खूप शिकायला मिळालं. परतीच्या रस्त्यावर डोळ्यांसमोर पाट्या येत होत्या आणि जात होत्या आणि तिला आपला राग येत होता, पण तोही पुरता नव्हता. अर्धं सांगून झाल्यावर माणसाला जे हलकं वाटतं ते तिला वाटत होतं, आणि ते हलकेपण चोरीचं आहे हेही कळत होतं. आपण फोन केला हे सांगणं सोपं होतं. त्यात चूक होती, आणि चुका सगळ्यांकडून होतात, चोविसाव्या वर्षी तर होतातच. पण त्या पोरीने बूट घातले होते. ती निघाली होती. तिला एका अनोळखी, गोड आवाजाने जागेवर खिळवून ठेवलं होतं, कशासाठी तर फोटो चुकू नये म्हणून. त्या फोटोसाठी पाठवलेला माणूस आजारी होता की रस्ता बंद होता, काहीतरी झालं होतं, तो पोचायला चार वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी हॅलने पानावर बोट ठेवून म्हटलं होतं, बघ, चौघांतला हाच माणूस जिवंत वाटतो. रुडी झुपान बर्फावर बसून, हातात एवढासा मासा धरून, तोंड भरून हसत होता.

कचेरीत तिने जुने अंक काढून ती बातमी पुन्हा वाचली. नऊ ओळी होत्या. एका दुपारी तिने दुरुस्तीचा मजकूर करून पाहिला, वर्तमानपत्रात खाली कोपऱ्यात असतात तसा. अमुक तारखेच्या अंकात श्रीमती रोझान झुपान यांच्या नावाने छापलेले शब्द त्यांचे नव्हते. ते त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीचे होते. त्या वेळी कुटुंबाला मृत्यूची अधिकृत सूचना मिळालेली नव्हती. इथवर लिहून ती थांबली. दुरुस्तीत चूक सांगायची असते, पुढे काय झालं ते लिहायची पद्धत नसते, आणि तो नियम तिला त्या दुपारी फार सोयीचा वाटला. संपादकांनी वाचलं, चष्मा काढला, आणि चिडून नव्हे, खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलं, बावीस वर्षांनी हे कुणासाठी? मग ते म्हणाले, त्या घरच्यांना विचार, हवं असेल तर छापू. त्यानंतर नऊ दिवसांनी डॅनिकाचा निरोप आला, चार ओळींचा. आईला सांगायचं ठरवलंय. मी एकटीने सांगितलं तर ती म्हणेल, मी माझी बाजू रचून आणलीय. शनिवारी सकाळी अकराला याल का? आणि खाली पश्चिम डलूथमधला पत्ता.

रोझान झुपानचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. ती बासष्टची, ठेंगणी, शाळेच्या मुदपाकखान्यात आयुष्य गेल्याने मनगटं पुरुषासारखी. टेबलावर कॉफी आणि अक्रोडाच्या गोड रोलचे काप मांडून ठेवले होते. पाहुणा कोणीही असो, हे व्हायचंच असं दिसत होतं. मारिटने कोट काढला नाही आणि कुणी काढायला सांगितला नाही. डॅनिका खिडकीशी बसली. मारिटने सांगायला सुरुवात केली, जपून, शिकवलेल्या क्रमाने, तर रोझानने मधेच हाताने थांबवलं. "फोन घरी आला होता, एवढंच ना?" ती म्हणाली. "ते मला बुधवारीच कळलं. फोटो फडताळाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेला होता. घरच्याशिवाय कुणाला सापडला असता?"

डॅनिकाने मान वळवली. "तुला माहीत होतं? आणि आजीला तू..."

"मी काय सांगणार होते? की माझी पोरगी बोलली? त्यांनी मग तुला सोडलं असतं?" रोझान कपाची कड अंगठ्याने पुसत होती. तिथे काही सांडलेलं नव्हतं. "त्या म्हातारीचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मी सांगू का, डॅनिका? आता सांगते. त्या दिवशी शून्याखाली वीस होतं. आम्ही अकरा-बारा बायका गेटच्या जाळीला धरून उभ्या होतो. मी देवाला आधी म्हटलं, त्याला खरचटूही देऊ नकोस. मग म्हटलं, बरं, हात गेला तरी चालेल. तीन वाजले तेव्हा मी पायांवर आले होते. मग डोळे. मग म्हटलं, काही बोलला नाही, ओळखलं नाही तरी चालेल, अंथरुणावर पडून राहू दे, मी करीन. सव्वादोन तास मी एकेक अवयव देत होते. आणि तो माणूस बॉयलर फुटला तेव्हाच गेला होता. आणि तुला ठाऊक होतं. सहा मिनिटांवर बसून तुला ठाऊक होतं, आणि तू मला सांगायला आली नाहीस. मग मी घरी आले तर माझ्या पुढ्यात बसून मला काहीच माहीत नसल्यासारखी रडलीस." तिने कप खाली ठेवला. "तू तेरा वर्षांची होतीस. ते मला कळतं. तेव्हाही कळत होतं. पण त्यानंतर तुला जवळ घेताना माझे हात पूर्वीसारखे उचलले नाहीत. मी पुष्कळ प्रयत्न केला."

डॅनिकाचा चेहरा हळूहळू तेरा वर्षांचा होत गेल्यासारखा मारिटला दिसला. इतक्या वर्षांचं नर्सपण, नीटपण, औषधाच्या वेळा सांगणारा आवाज, सगळं त्यावरून उतरत गेलं. ती म्हणाली, "मला आठवत नाही, आई. मी का आले नाही ते मला खरंच आठवत नाही."

आता दारावर टकटक करायला कुणी येणार नव्हतं. "मी सांगते," मारिट म्हणाली. "मीच तिला घरी थांबायला सांगितलं होतं. फोटो न्यायला माणूस येतोय, तासाभरात पोचेल, तोवर कृपा करून कुठं जाऊ नका, असं म्हणाले होते. आणि ती हो म्हणाली. मला हे पहिल्यापासून आठवतंय. त्या दिवशी मिनिआपोलिसमध्येही आठवत होतं, तेव्हा मी सांगितलं नाही." आणखी काही म्हणावंसं तिला वाटलं, पण त्यापुढे जे काही सुचत होतं ते सगळं स्वतःबद्दल होतं.

डॅनिका तिच्याकडे बघत होती आणि बघत नव्हती. मग आईकडे वळून, पाठ झालेला धडा अचानक आठवावा तसं, ती म्हणाली, "तो उशिरा आला. तो चार वाजून गेल्यावर आला, आई. मी दाराशी उभी होते. कोट घालून. मला वाटलं, आता येईल, देते आणि पळते. त्या बाईंना हो म्हटलं होतं मी." तिचा आवाज शेवटी घोगरा झाला, आणि या वेळी तरी ते आजारपणाने नव्हतं.

रोझान हलली नाही. तिची ती जाड मनगटं टेबलावर तशीच पडून होती, आणि मारिटला वाटलं, आता ही माझ्यावर उठेल, आणि उठली तर बरं होईल. पण रोझानने तिच्याकडे मान वळवली तेव्हा त्या नजरेत रागाइतकंही काही तिच्यासाठी नव्हतं. "तुम्ही आता निघा," ती म्हणाली.

"मला फक्त माफी..."

"ते पत्राने कळवा. पेपरात छापायचं ते छापा. आता आम्हाला बोलायचंय, आणि ते तुमच्यासाठी नाही."

मारिट उठली. तिने दार आपल्या मागे ओढून घेतलं आणि ती बाहेरच्या जिन्यापाशी उभी राहिली, पायपुसण्यावर, आयुष्यभर जिथे उभी राहत आली होती तिथेच, फक्त दाराकडे पाठ करून. दार पातळ होतं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि रोझान काहीतरी म्हणाली. फक्त मुलीचं नाव असावं, पण असं, की मारिटचे पाय सवयीने जागीच थांबले, मान किंचित मागे वळली आणि कान आपोआप टवकारले गेले. या क्षणासाठी ती साठ साठ मैल गाडी हाकत गेली होती. कोटाच्या खिशात तिच्या बोटांना पेन लागलं. आत डॅनिका बोलू लागणार होती. तिचा पहिला शब्द कानावर पडायच्या आत मारिटने कठडा धरला आणि ती जिना उतरू लागली, आवाज करत, प्रत्येक पायरीवर बूट आपटत, ती गेली आहे हे वर त्या दोघींना नीट ऐकू जावं म्हणून.